काळ्या फत्तराची साक्ष : खंडे सरकतात हे कसे कळले?



आमच्या भुसावळच्या महाविद्यालयात, पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत, एक जुने उपकरण आहे. त्याचे नाव नतिमापक. पण प्रयोगशाळेत सगळे त्याला ‘डिप सर्कल’च म्हणतात. अंशांच्या खुणा केलेले एक उभे वर्तुळ आणि त्याच्या मध्यभागी आडव्या आसावर बसवलेली चुंबकसूची, एवढाच त्याचा थाट. नेहमीच्या होकायंत्रातील सूची आडवी फिरते. ही वर-खाली फिरते. वर्तुळ चुंबकीय उत्तर-दक्षिण दिशेत आणले की सूचीचे उत्तर टोक जमिनीकडे झुकते आणि भुसावळात सुमारे ३० अंशांवर स्थिर होते.

एकदा हा प्रयोग चालू असताना अकरावीच्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, आपला देश पूर्वी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि सरकत सरकत इथे आला, असे भूगोलाच्या पुस्तकात लिहिले आहे. पण त्याला सरकताना पाहिले कोणी?”

प्रश्न अगदी रास्त होता. पुस्तकात छापले आहे म्हणून एखादी गोष्ट खरी ठरत नाही. मी त्याला उत्तर म्हणून तीच झुकलेली सूची दाखवली आणि तिच्या शेजारी काळ्या फत्तराचा एक तुकडा ठेवला. तुकडा साधाच होता. खडीच्या खाणीत असे हजारो पडलेले असतात. पण ही सूची आणि हा फत्तर यांचा मेळ घातला, की त्याच्या प्रश्नाचे उत्तर मिळते, आणि तेही आकड्यांत. ते कसे, हे आज पाहू.

वेगेनर यांची कल्पना

आल्फ्रेड वेगेनर (१८८०–१९३०) हे जर्मन शास्त्रज्ञ मूळचे हवामानशास्त्राचे अभ्यासक. जानेवारी १९१२ मध्ये फ्रँकफुर्ट येथे दिलेल्या व्याख्यानात त्यांनी मांडले, की आजची सर्व खंडे एकेकाळी एकत्र होती. पुढे ती तुटली आणि एकमेकांपासून दूर गेली. १९१५ मध्ये त्यांनी या विषयावर पुस्तकही लिहिले. हाच खंडवहनाचा सिद्धांत.

दक्षिण अमेरिकेचा पूर्व किनारा आणि आफ्रिकेचा पश्चिम किनारा कसे एकमेकांत बसतात, हे तुम्ही नकाशात पाहिलेच असेल. पण वेगेनर केवळ आकाराच्या साम्यावर थांबले नाहीत. त्यांनी खडकांचे, जीवाश्मांचे आणि प्राचीन हवामानाचे पुरावे गोळा केले. त्यांतले काही महत्त्वाचे पुरावे आपल्या महाराष्ट्रातलेच आहेत.

भुसावळ स्थानकातून कोळशाच्या वाघिणी जाताना तुम्ही नेहमी पाहता. विदर्भातल्या खाणींचा कोळसा पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचा बनलेला आहे. नागपूरजवळच्या कामठीच्या आणि वर्धा खोऱ्याच्या परिसरातील त्या काळच्या खडकांत जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे सापडतात. या वनस्पतीचे नाव ग्लॉसोप्टेरिस. हीच पाने दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया येथेही मिळतात. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सहकारी मरण पावले. त्यांच्या सामानात सुमारे १६ किलो दगड सापडले. मृत्यू समोर दिसत असतानाही त्यांनी ते टाकून दिले नव्हते. त्या दगडांतही ग्लॉसोप्टेरिसची पाने निघाली! आज बर्फाखाली असलेला अंटार्क्टिका आणि आपली कामठी येथे एकच वनस्पती कशी वाढली असेल?

दुसरा पुरावा चंद्रपूरचा. तिथला उन्हाळा आपल्या भुसावळइतकाच कडक. पण चंद्रपूरजवळच्या इरई गावापाशी चुनखडीचा एक जुना खडक आहे. त्याचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला असून त्यावर समांतर ओरखडे आहेत. हिमनदी आपल्या तळाशी अडकलेले दगडगोटे फरफटत नेते, तेव्हाच खडकावर असे ओरखडे उमटतात. भूवैज्ञानिक फेडन यांनी १८७५ मध्ये याचे वर्णन प्रसिद्ध केले होते. म्हणजे एकेकाळी चंद्रपुरात हिमनदी वाहत होती! त्याच काळातल्या हिमनद्यांच्या खुणा आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियातही आहेत. ही सर्व खंडे दक्षिण ध्रुवाभोवती एकत्र ठेवली, तर एकाच विशाल हिमाच्छादनाने सगळ्या खुणांचा उलगडा होतो.

या जुन्या खंडसमूहाला ‘गोंडवन’ म्हणतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील मेडलिकॉट यांनी मध्य भारतातील या खडकांना गोंडांच्या प्रदेशावरून हे नाव दिले आणि पुढे ऑस्ट्रियाचे भूवैज्ञानिक झ्यूस यांनी ते सबंध खंडसमूहाला लावले. आपल्या शेजारच्या मुलखाचे नाव असे जगाच्या भूगोलात गेले.

मग लोकांना ते का पटले नाही?

इतके पुरावे असूनही बहुतेक शास्त्रज्ञांनी वेगेनर यांचे म्हणणे फेटाळले. त्यांचा मुख्य आक्षेप पदार्थविज्ञानाचा होता. सबंध खंड हलवायला बळ कोठून येणार? वेगेनर यांनी पृथ्वीचे परिवलन आणि भरती-ओहोटी यांच्यापासून मिळणारी बळे सुचवली होती. इंग्लंडचे जेफ्रीज यांनी गणित करून दाखवले, की ही बळे त्या कामाला कितीतरी पटींनी अपुरी आहेत. जेफ्रीज यांचे हे गणित बरोबरच होते.

शिवाय जीवाश्मांच्या पुराव्याला पळवाट होती. खंडांच्या दरम्यान पूर्वी जमिनीचे पूल असतील आणि ते नंतर समुद्रात बुडाले असतील, असे म्हणता येत होते. साम्य दाखवणारा पुरावा कितीही मोठा असला, तरी त्याचा दुसरा अर्थ लावता येतो. हवे होते ते मोजमाप. अमुक खडक तयार झाला तेव्हा तो अमुक अक्षांशावर होता, असे आकड्यांत सांगणारी खूण हवी होती. १९३० मध्ये वेगेनर ग्रीनलंडच्या मोहिमेत मरण पावले, तोवर अशी खूण हाती आलेली नव्हती.

सूचीचा कोन आणि अक्षांश

आता आपल्या डिप सर्कलकडे वळू. पृथ्वी हे जणू एक मोठे चुंबक आहे. विषुववृत्ताजवळ चुंबकसूची आडवी राहते. तेथून उत्तरेकडे जाऊ लागलो की तिचे उत्तर टोक खाली झुकू लागते आणि चुंबकीय ध्रुवावर ती पूर्ण उभी होते. दक्षिण गोलार्धात याच्या उलट होते. तेथे उत्तर टोक आकाशाकडे उचलले जाते. सूचीने क्षितिजाशी केलेल्या कोनाला नतिकोन म्हणतात. त्याचा अक्षांशाशी संबंध असा आहे :

टॅन (नतिकोन) = २ × टॅन (अक्षांश)

भुसावळचा अक्षांश २१ अंश उत्तर. सूत्राप्रमाणे नतिकोन सुमारे साडेसदतीस अंश यायला हवा. पण प्रयोगशाळेत तो ३० अंशांच्या आसपास येतो. सूत्र चुकले का? नाही. आज पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव भौगोलिक ध्रुवांवर नेमके नाहीत आणि ते स्थिरही नाहीत. ते हळूहळू भटकत असतात. काही हजार वर्षांची सरासरी घेतली, तर चुंबकीय ध्रुव भौगोलिक ध्रुवाशी जवळजवळ जुळतो. म्हणून एका वाचनावर भरवसा न ठेवता हजारो वर्षांत पसरलेली पुष्कळ वाचने हवीत. ही वाचने कोठून मिळणार? ती दगडात नोंदलेली आहेत.

दगडात नोंद कशी होते?

आपल्या तापीकाठी गाळाची जाड जमीन आहे. तिच्याखाली आणि दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगरात जो काळा फत्तर आहे, त्याला भूवैज्ञानिक बेसाल्ट म्हणतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून तप्त लाव्हा बाहेर आला, पसरला आणि थिजला. पुन्हा आला, पुन्हा थिजला. अशा थरांवर थर साचून दख्खनचे पठार झाले. आजही त्याचे क्षेत्र सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भरते. अजिंठ्याचा घाट चढताना डोंगराला ज्या पायऱ्या पायऱ्या दिसतात, ते हेच थर. धुळे, साक्री, नंदुरबार या भागात जमिनीतून वर आलेल्या काळ्या खडकाच्या लांबच लांब भिंती दिसतात. भेगांमध्येच थिजून राहिलेल्या लाव्ह्याच्या त्या भिंती होत.

बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे बारीक कण असतात. बाहेर पडणाऱ्या लाव्ह्याचे तापमान ११०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. इतक्या तापमानाला त्या कणांना चुंबकत्व नसते. खडक थिजून निवू लागतो आणि तापमान ५८० अंशांच्या खाली येते, तेव्हा मॅग्नेटाइट चुंबकीय बनते. या तापमानाला क्यूरी तापमान म्हणतात. त्या वेळी पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची जी दिशा असेल, त्या दिशेतच कणांचे चुंबकत्व गोठते. खडक पूर्ण थंड झाल्यावर ते सहसा बदलत नाही. नंतर खडक हजारो किलोमीटर दूर गेला, तरी जन्माच्या जागेचा नतिकोन त्याच्यासोबत जातो. लाव्ह्याचा प्रत्येक थर म्हणजे त्या दिवशीचे डिप सर्कलचे एक वाचनच!

सोन्याने न दिलेले उत्तर

मात्र हे चुंबकत्व अतिशय क्षीण असते. ते मोजणारे उपकरण मिळाले, त्याची हकीकत मोठी मजेदार आहे. फिरणाऱ्या कोणत्याही जड वस्तूत आपोआप चुंबकत्व उत्पन्न होत असावे, असे ब्रिटिश शास्त्रज्ञ ब्लॅकेट यांना वाटत होते. ते पडताळण्यासाठी त्यांनी पंधरा किलोहून अधिक शुद्ध सोन्याचे एक नळकांडे घेतले. (आपल्या जळगावच्या सराफांनीही तोंडात बोट घालावे असाच हा प्रयोग!) त्याचे चुंबकत्व मोजण्यासाठी त्यांनी अत्यंत संवेदनशील चुंबकमापक बनवला. बारीक तंतूला विरुद्ध दिशांनी बांधलेली दोन चिमुकली चुंबके टांगलेली असतात. त्यांच्यावरील पृथ्वीच्या क्षेत्राचा परिणाम परस्परांत फिटतो. मग खालच्या चुंबकाजवळ दगड आणला, की त्या दगडामुळे होणारे किंचित विचलनही आरशावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशकिरणाने दिसते.

सोन्यात चुंबकत्व आढळले नाही. १९५२ मध्ये ब्लॅकेट यांनी आपली कल्पना चुकल्याचे स्वतःच जाहीर केले. पण उपकरण उत्तम होते. ते त्यांनी खडकांच्या अभ्यासाकडे वळवले.

त्याच सुमारास केंब्रिज येथे एडवर्ड आयर्विंग हा तरुण विद्यार्थी खडकांचे चुंबकत्व अभ्यासत होता. १९५१ मध्ये त्याने वेगेनर यांची परीक्षा भारतावर घ्यायचे ठरवले आणि दख्खनच्या बेसाल्टचे नमुने मिळवले. त्यांवरून भारत हजारो किलोमीटर उत्तरेला सरकला आहे असे दिसले. विषय इतका नवा होता, की १९५४ मध्ये परीक्षकांनी त्याला डॉक्टरेट नाकारली! पुढे १९६५ मध्ये त्याच विद्यापीठाने त्याला त्याहून वरची पदवी दिली.

१९५६ मध्ये ब्लॅकेट यांच्या गटातील क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी भारतातील खडकांवरील मापने प्रसिद्ध केली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी डॉइच यांच्यासह १९५८ मध्ये दख्खनच्या लाव्ह्याच्या चुंबकत्वावर लेख लिहिला. काम चिकाटीचे होते. प्रत्येक नमुना खडकातून काढण्यापूर्वी त्याची दिशा आणि उतार त्यावर आखावा लागे. विजा पडून किंवा पृथ्वीच्या आजच्या क्षेत्रामुळे खडकावर चढलेले नवे चुंबकत्व काढून टाकावे लागते आणि आतले मूळ चुंबकत्व शोधावे लागते.

आता गणित करू

दख्खनच्या अनेक ठिकाणच्या मापनांची सरासरी घेऊन भुसावळच्या जागेचा हिशेब केला, तर नतिकोन सुमारे ४५ अंश येतो. पण उत्तर टोक वर उचललेले! म्हणजे जागा दक्षिण गोलार्धातली. टॅन ४५ अंश = १, म्हणून टॅन (अक्षांश) = १/२ आणि अक्षांश सुमारे २७ अंश दक्षिण.

आज आपण २१ अंश उत्तरेला आहोत. एकूण सरकणे २७ + २१ = ४८ अंश. एका अंशाला सुमारे १११ किलोमीटर धरले, तर अंतर ५,३०० किलोमीटर. ते ६.६ कोटी वर्षांत कापले, म्हणजे सरासरी वेग वर्षाला ८ सेंटीमीटर. आपली नखे वर्षभरात तीन-चार सेंटीमीटर वाढतात. त्याच्या दुपटीने आपली भूमी सरकली. दहावीच्या त्रिकोणमितीत हे उत्तर मिळते.

चौकस विद्यार्थ्याने येथे एक शंका घ्यायला हवी. दख्खनच्या पुष्कळ थरांत चुंबकत्वाची दिशा याच्या नेमकी उलट, म्हणजे दक्षिणेकडे व खाली झुकलेली आहे. ते कसे? पृथ्वीच्या चुंबकाचे उत्तर व दक्षिण ध्रुव अधूनमधून आपसांत बदलतात. अशी शेवटची अदलाबदल सुमारे पावणेआठ लाख वर्षांपूर्वी झाली. दख्खनचे थर साचत असतानाही ती झाली. म्हणून वरचे आणि खालचे थर विरुद्ध दिशा दाखवतात, पण दोन्ही दिशा एकाच रेषेची दोन टोके आहेत. अक्षांश दोन्हींवरून तोच येतो. ही रेषा आजच्या उत्तरेपासून पंचवीस-तीस अंश पश्चिमेकडे वळलेली आहे. म्हणजे भारत उत्तरेकडे येता येता घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने थोडा फिरलाही.

या पद्धतीची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. नतिकोनावरून अक्षांश कळतो, रेखांश कळत नाही. पूर्व-पश्चिम सरकणे समजायला दुसरा साक्षीदार हवा. तो समुद्रात सापडला.

अरबी समुद्राच्या तळाशी

अरबी समुद्र आणि हिंदी महासागर यांच्या तळावरून कार्ल्सबर्ग नावाची पर्वतरांग जाते. १९६२ मध्ये ‘ओवेन’ या ब्रिटिश जहाजाने तिच्यावरील चुंबकक्षेत्राची मोजणी केली. तळावर सुलट आणि उलट चुंबकत्वाचे पट्टे आढळले. १९६३ मध्ये व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी त्याचा अर्थ लावला. रांगेच्या मध्यावरील भेगेतून लाव्हा वर येतो, थिजतो आणि दोन्ही बाजूंना सरकतो. मागून नवा लाव्हा येतो. चुंबकीय ध्रुव बदलले की नव्या पट्ट्याची दिशा बदलते. अजिंठ्याच्या डोंगरात जी नोंद एकावर एक रचलेली आहे, तीच समुद्रतळावर शेजारी शेजारी पसरलेली आहे. समुद्रतळ रुंदावतो, म्हणून त्याच्या कडेची खंडे दूर जातात.

दुसरी साक्ष बेटांची. मॉरिशसजवळ रेयूनियों हे बेट आहे. तेथे आजही जागृत ज्वालामुखी आहे. तेथून लक्षद्वीपपर्यंत बेटांची आणि बुडालेल्या डोंगरांची माळ आहे. समुद्रतळ खोदून काढलेल्या नमुन्यांवरून कळते, की उत्तरेकडे जावे तसे हे खडक अधिकाधिक जुने होत जातात. मॉरिशस ऐंशी-नव्वद लाख वर्षांचे, तर मालदीवचा तळ साडेपाच कोटींहून अधिक. माळेच्या उत्तर टोकाशी आहे आपले दख्खनचे पठार. पृथ्वीच्या पोटातील एका उष्ण जागेवरून भारत उत्तरेला सरकत गेला आणि मागे ही माळ राहिली, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. गंमत अशी, की भुसावळ २१ अंश उत्तरेला, तर रेयूनियों २१ अंश दक्षिणेला! चुंबकत्वाने दिलेल्या २७ अंशांशी यात थोडा फरक पडतो, कारण ती उष्ण जागाही अगदी स्थिर नसते.

बळ कोठून आले?

जेफ्रीज यांच्या आक्षेपाचे उत्तरही आता मिळाले आहे. खंडे समुद्रतळ नांगरत जात नाहीत. पृथ्वीचे कवच मोठमोठ्या भूपट्टांचे बनलेले असून खंडे त्या भूपट्टांचा भाग आहेत. भूपट्टाची थंड व जड झालेली कड खालच्या प्रावरणात बुडू लागते आणि उरलेल्या भूपट्टाला ओढते. खाटेवरून गोधडीचे एक टोक लोंबू लागले, की हळूहळू सगळी गोधडी घसरते, तसेच हे. भारताच्या उत्तरेचा समुद्रतळ असाच बुडत गेला. एका काळी भारताचा वेग वर्षाला १५ सेंटीमीटरच्याही वर होता. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारत आशियाला भिडला, वेग मंदावला आणि हिमालय उचलला जाऊ लागला.

हे सरकणे आजही थांबलेले नाही. बंगळूर आणि हैदराबाद येथील केंद्रांत उपग्रहांच्या मदतीने सतत मोजणी चालते. भारत वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर ईशान्येकडे जात आहे. या रेट्याने पठारातल्या खडकांतही ताण साठतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे दगावली, त्यामागे असाच साठलेला ताण होता. म्हणून हा विषय केवळ फार पूर्वी काय घडले एवढ्यापुरता नाही.

मी हे सारे त्या विद्यार्थ्याला सांगितले. तो थोडा वेळ सूचीकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “म्हणजे सर, पाहणारे कोणी नव्हते, पण लिहून ठेवणारा होता.” मग त्याने तो फत्तर घरी नेण्याची परवानगी मागितली. अर्थात मी दिली.

तुम्ही करून पाहा

१. विणकामाची पोलादी सुई मधोमध दोऱ्याने टांगून ती अगदी आडवी राहील असे करा. मग चुंबकाचे एक टोक तिच्यावरून एकाच दिशेने तीस-चाळीस वेळा फिरवा. दोऱ्याची जागा न बदलता सुई पुन्हा टांगा. ती उत्तर-दक्षिण स्थिर होऊन एका बाजूला झुकेल. कोनमापकाने तो कोन मोजा. जवळपास लोखंडी वस्तू नको.

२. एका खडकाचा नतिकोन ६० अंश असून उत्तर टोक खाली आहे आणि चुंबकत्व सुलट आहे. तो खडक कोणत्या अक्षांशावर तयार झाला असेल?

(उत्तर : सुमारे ४१ अंश उत्तर.)